एका हाताच्या अंतरावर

हातकणंगल्यापासून चार किलोमीटरवरच्या गावात ललिता गेली सतरा वर्षं अंगणवाडी सेविका आहे. गावातली निम्मी पोरं तिच्याकडं खिचडी खाऊन, तिच्याकडून अआइई गिरवून शाळेत गेली. अंगणवाडीचं छत गळायला लागलं तेव्हा ती भर ग्रामसभेत उठून सरपंचांना म्हणाली होती, "तुमच्या हॉलमधी गळलं असतं तर आठ दिवसांत कौलं आली असती." त्यामुळं बाई खमकी आहे, कुणाला भीत नाही, असंच सगळ्यांना वाटायचं. घरी न्हाणीघराच्या दाराला आतून कडी का नाही, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

ती कडी ललितानं स्वतः पान्यानं काढली होती. तिची मुलगी श्रुती तेव्हा पाच वर्षांची होती.

श्रुतीला पहिली फिट अंगणवाडीतच आली. खिचडी वाढून झाली होती. पोरगी चमचा तोंडाजवळ नेता नेता थांबली. उजव्या हाताचा अंगठा हळूच तळहातात गेला, जणू मुठीत काही लपवतेय, आणि मग सगळं अंग ताठ झालं. बावीस पोरं ताटावर बसून बघत होती. मदतनीस तानाबाई कांदा फोडून हुंगवायला घेऊन धावली. "ठेव तो," एवढंच ललिता म्हणाली. तिनं लेकीला कुशीवर वळवलं, तोंडात काही घातलं नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिली. दोन मिनिटं दहा सेकंद. प्रशिक्षणात शिकवलेलं सगळं तिनं बरोबर केलं. संध्याकाळी भाकरी थापताना मात्र तिच्या हातून तीन भाकऱ्या तुटल्या.

तिचा नवरा गणपती कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशिन शॉपला आहे. कंपनीच्या बसनं जाणं-येणं, पाळ्या फिरत्या. त्या आठवड्यात त्याची दुसरी पाळी होती. घरी आल्यावर त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गावात ताप डोस्क्यात गेलता म्हणून सांग. पोरीची जात हाय. उद्या स्थळ बघायला आलेली माणसं हिचे मार्क इचारणार न्हाईत, हेच इचारणार."

ललितानं तसंच सांगितलं. पुढची पाच वर्षं सकाळी आठला आणि रात्री आठला औषध चुकलं नाही. कोल्हापूरचे मेंदूचे डॉक्टर दर तीन महिन्यांनी बघायचे. एकूण अकरा वेळा फिट आली. त्यातल्या नऊ वेळा समोर ललिता होती, दोनदा गणपती. शेवटची आली तेव्हा श्रुती आठ वर्षांची होती. दहाव्या वर्षी डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या आणि म्हणाले, "आता तिला विसरू दे." श्रुती खरंच विसरल्यासारखी झाली. ललिताला ते जमलं नाही.

आता श्रुती साडेअकरा वर्षांची. वर्गातली एक मुलगी दिवाळीत मालवणला जाऊन आली होती. तिथं समुद्रात तोंड घालून मासे बघतात, डॉल्फिन दाखवतात, असं तिनं वर्गात सांगितलं, आणि मोबाईलवरचं शूटिंगही दाखवलं. तेव्हापासून श्रुतीनं धोशा लावला. गणपतीला तिच्या तोंडाकडं बघून नाही म्हणवेना. डिसेंबरात कंपनी चार दिवस बंद राहणार होती. त्यानं होडी बुक करून टाकली आणि मग ललिताला सांगितलं.

ललिता त्याच्याशी भांडली नाही. दुसऱ्या दिवशी रजा काढून एकटीच कोल्हापूरला डॉक्टरांकडं गेली. डॉक्टर हसले. "पोहायलासुद्धा हरकत नाही आता. फक्त तिचा आजार ओळखणारं माणूस पाण्यात तिच्या एका हाताच्या अंतरावर पाहिजे."

"हे तेवढं कागदावर लिहून देता का सर?"

डॉक्टरांनी लिहून दिलं. ललितानं कागदाची घडी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

फोंडा घाट उतरताना श्रुती खिडकीला नाक लावून बसली होती. मालवणात रात्र एका घरगुती मुक्कामाच्या खोलीत काढली आणि सकाळी आठला तिघं जेटीवर हजर झाली. होडीवरचा गाईड पास्कू नावाचा, चाळिशीचा, उन्हानं काळवंडलेला, हसरा माणूस होता. त्यानं फळीला लावलेला फॉर्म गणपतीच्या हातात दिला. दमा, हृदयविकार, फिट, अलीकडं झालेलं ऑपरेशन. पुढं दोन चौकोन: हो आणि नाही.

गणपतीनं तिघांच्या नावापुढं वरपासून खालपर्यंत 'नाही'वर खुणा केल्या.

"अहो," ललिता हळू आवाजात म्हणाली.

"गप. दीड वरीस गोळी न्हाय. नसलेलं कशाला लिहायचं?"

"डॉक्टरांनी कागद दिलाय."

"पाण्यात मी हाय की तिच्यासंगं. माझ्यासारखं पवणारं गावात कोण हाय दाखव."

तेवढ्यात मागून दणदणीत आवाज आला. "पावणं, झालं की पेन द्या हिकडं. कुठलं म्हणायचं?" पांढऱ्या मिशांचा, शर्टावर लाईफ जॅकेट घालून तयार झालेला गृहस्थ होता. सोबत दहा-एक वर्षांची नात.

"हातकणंगल्याकडचं," गणपती म्हणाला.

"म्हणजे आपल्या जिल्ह्यातलंच की. मी हंबीरराव, गारगोटीचा. हातकणंगल्यात माझी धाकटी बहीण दिलीया. गाव कुठलं म्हणालासा?"

गणपतीनं गावाचं नाव सांगितलं. हंबीररावांना ते गाव माहीत होतं. तिथल्या दूध संस्थेत त्यांचा मेहुणा कामाला होता. गणपतीनं एकदाच ललिताकडं बघितलं आणि फॉर्म पास्कूला देऊन टाकला. ललिता समजायचं ते समजली.

होडी सुटली. समुद्रातल्या किल्ल्याच्या तटाला वळसा घालून ती मोकळ्या पाण्यात आली. ललितानं आजवर एवढं पाणी बघितलं होतं ते महापुरात, हायवेवर उभं राहून. त्या पाण्याला निदान पलीकडची बाजू होती. ती फळीवर श्रुतीला चिकटून बसली आणि बोटांनी तिची ओढणीसारखी सुटलेली जॅकेटची पट्टी धरून ठेवली.

"मम्मी, सोड की. किती आवळशील?"

पाऊण तास हिंडल्यावर होडी चालवणाऱ्या तांडेलानं इंजिन हळू केलं. पास्कूनं बोट दाखवलं. पाण्यातून राखाडी पाठ वर आली, ओली, गुळगुळीत, आणि परत आत गेली. मग दुसरी. मग तिच्या बाजूला एक लहान. हंबीररावांची नात अनुजा फळीवर उभी राहिली, श्रुतीही तिच्याशेजारी. दोघींची तोपर्यंत गट्टी जमली होती. वर एक पांढऱ्या पोटाचा मोठा गरुड घिरट्या घालत होता. पास्कू सांगत होता की दरवर्षी किनाऱ्यावरच्या एकाच झाडावर त्याचं घरटं असतं. सगळी डॉल्फिन आणि गरुड बघत होती, आणि ललिता श्रुतीचा उजवा हात बघत होती. अंगठा बाहेरच होता.

मग होडी किल्ल्याच्या मागच्या बाजूला, खडकांच्या आडोशाला आली. इथं पाणी निवळ होतं. तांडेलानं नांगर टाकला. पास्कूनं मास्क आणि नळ्या वाटल्या. नळी दातांत कशी धरायची, श्वास तोंडानंच कसा घ्यायचा, हे त्यानं मुलांना दोनदा करून दाखवलं. आधी अनुजा आणि तिचे आजोबा उतरले. आजोबा शिडीला धरूनच तरंगले आणि पाच मिनिटांत वर आले. अनुजा मात्र मजेत बघून आली. मग श्रुतीची पाळी आली. गणपती शर्ट काढून तयार होता. श्रुतीनं एक पाय शिडीवर ठेवला.

ललिता उठली. होडी हलत होती, तरी ती फळ्यांना धरत धरत पास्कूपर्यंत गेली आणि त्याच्या कानाशी काहीतरी बोलली.

"काय म्हणालात वहिनी?" शेजारी येऊन थांबलेल्या दुसऱ्या होडीच्या इंजिनाच्या आवाजात पास्कूला ऐकू आलं नाही. त्यानं मान वाकडी केली. "जरा मोठ्यान बोला."

"तिला फिट येत होत्या," ललिता म्हणाली.

आणि नेमकं त्याच वेळी त्या होडीचं इंजिन बंद झालं. वाक्याचा शेवट आपल्या होडीतल्या सगळ्यांना ऐकू गेला.

टॉवेलनं मिशा पुसणारे हंबीरराव थांबले. श्रुतीनं शिडीवरून पाय मागं घेतला आणि आईकडं बघितलं. असं बघणं ललितानं तिच्या डोळ्यांत आधी कधी बघितलं नव्हतं.

"फॉर्मवर तर नाय लिवलंय," पास्कू म्हणाला. त्याचा हसरा चेहरा गेला होता.

"मी लिहिला फॉर्म," गणपती म्हणाला. "आता येत न्हाईत. तीन वरसं झाली."

"दादा, मी रोज माणसांका पाण्यात घालतंय. माका खोटा सांगून चलत नाय. खाली तिका काय झाला असता, तर मी काय समजलो असतो? नळीत पाणी गेला म्हणून घाबारली, इतकाच." त्यानं श्रुतीच्या हातातला मास्क काढून घेतला, पण हळू. "बाळा, आज तू वरसूनच बघ. होडीतसून पण मासे दिसतत."

श्रुती फळीवर जाऊन बसली. रडली नाही. पाण्याकडं पाठ करून बसली.

गणपतीनं ललिताकडं बघितलं. ते सगळं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं: बहीण हातकणंगल्यात, मेहुणा दूध संस्थेत, आणि आता संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळणार. पोरगी पाण्यात गेली नाही, म्हणजे ललिताला हवं होतं तेच झालं होतं. मग सुटल्यासारखं का वाटत नाही, हे तिला कळेना. ती श्रुतीच्या पाठीकडं बघत राहिली. जॅकेट मागून मोठं होत होतं, मान त्यात बुडाली होती.

मग तिनं पर्स उघडली आणि आतल्या कप्प्यातला कागद काढला.

"हे वाचा," ती पास्कूला म्हणाली. "डॉक्टरांनी लिहून दिलंय. हे आधीच दाखवायला पायजे होतं. आमचं चुकलं."

पास्कूनं कागद दोनदा वाचला. मग गणपतीला फॉर्म दुरुस्त करायला लावला. गणपतीनं खाली मान घालून 'नाही' खोडलं, तारीख टाकली, सही केली.

"आजार ओळखणारा माणूस म्हणजे कोण?" पास्कूनं विचारलं. "माका तर ओळखता येवचा नाय."

"मी," गणपती म्हणाला. "मी पवतो चांगला."

"पोहण्याचा नाय विचारत, दादा. येवच्या आधी काय होता?"

"डोळं फिरतात तिचं. ताठ होती."

"ते नंतर," ललिता म्हणाली. "आधी गप होते. मग उजवा अंगठा मुठीत जातो. तिथनं पुढं चार-पाच सेकंद मिळतात."

गणपतीला हे माहीत नव्हतं. सात वर्षांत त्यानं विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं.

पास्कूनं तरंगायची रिंग उचलली. "मग वहिनी, तुमीच उतरा."

ललिताला हसू आलं, कारण दुसरं काही सुचेना. ती गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात कधी गेली नव्हती. माहेरी विहिरीवर भाऊ पोहायचे तेव्हा ती त्यांचे कपडे सांभाळत काठावर बसायची. "मला पवायला येत न्हाय," ती म्हणाली.

"जॅकेट बुडूक देवचा नाय. दोघींका एकच रिंग धरूची, रिंगेची दोरी माझ्या हातात. एका बाजूक मी, दुसऱ्या बाजूक दादा. दहा मिनटा. तुमका जमला नाय तर लगेच वर. आणि फिट आलीच तर काय करूचा, ता आधी सांगा."

"पाठीवर वळवायचं, तोंड पाण्याच्या वर धरायचं. तोंडात काही घालायचं न्हाय. तसंच होडीत घ्यायचं." सांगताना तिचा आवाज अंगणवाडीतल्यासारखा झाला. मग तिनं ओढणी काढून पर्सवर ठेवली आणि शिडीकडं गेली.

श्रुती मागं वळून बघत होती. "मम्मी, तू?"

"चल," ललिता म्हणाली. "मी मागं सरायच्या आत चल."

पाणी थंड होतं. पाय शिडीवरून सुटले तेव्हा खाली काहीच लागेना आणि ललितानं रिंग अशी कवटाळली की पास्कूला तिची बोटं एकेक करून सैल करावी लागली. ड्रेस पाण्यानं फुगून पोटाभोवती वर आला. जॅकेट हनुवटीला लागत होतं. लाट आली की खारं पाणी ओठांत जायचं. गणपती शेजारी पाणी तुडवत होता. तिनं डाव्या हातानं रिंग धरली आणि उजव्या हातात श्रुतीचा उजवा हात घेतला, असा की अंगठा आपल्या अंगठ्याखाली राहील.

श्रुतीनं मास्क लावला, नळी दातांत धरली आणि तोंड पाण्यात घातलं.

नळीतून तिचा श्वास ऐकू येत होता, फुंकणीतून यावा तसा. ललिता तोच मोजत होती. पाय हलत होते. मधूनच श्रुतीच्या हाताला हिसका बसायचा, मासा दाखवल्यासारखा. पास्कूनं दोरी धरून त्यांना हळूहळू खडकाच्या बाजूला नेलं. एक मिनिट गेलं असेल, दोन गेली असतील. ललिताच्या डोळ्यांत मीठ जाऊन चुरचुरत होतं, तरी तिनं पापणी हलवली नाही.

आणि श्रुती गप झाली.

पाय थांबले. हात सैल पडला. नळीतला श्वासही ऐकू येईना. तिचा अंगठा ललिताच्या अंगठ्याखाली हलला, आत, तळहाताकडं.

ललितानं रिंग सोडली. दोन्ही हातांनी लेकीचं जॅकेट मागून धरून तिला उलटी केली. स्वतः पाण्याखाली गेली, वर आली, नाकातोंडात पाणी, आणि ओरडली, "धरा, हिला धरा." पास्कूचा हात तिच्या जॅकेटला लागला. गणपतीनं श्रुतीचं डोकं वर धरलं.

श्रुतीनं तोंडातली नळी काढून फेकली. "काय करतीस मम्मी? कासव होतं. मी श्वास रोखला होता, ते पळून जाईल म्हणून. गेलं ना आता."

"अंगठा," ललिता खोकत म्हणाली. "तुझा अंगठा."

"तू माझा अंगठा एवढा दाबून धरलायस, दुखतोय. सोडवून घेत होते."

चौघं तिथंच तरंगत राहिली. ललिताला खोकल्यातून श्वास घेता येईना. पास्कूनं तिला रिंग परत दिली आणि म्हणाला, "बस झाला वहिनी. वर जावया."

"न्हाय," श्रुती म्हणाली. मग आईकडं बघून म्हणाली, "तू पण बघ. एकदाच. मी धरते तुला."

ललिताला बघायचं नव्हतं. तिला फक्त फळीवर बसायचं होतं, कोरड्या फळीवर. पण पोरगी मघाशी पाठ करून बसली होती आणि आता ती तिच्याशी बोलत होती. तिनं मास्क लावून घेतला, नळी दातांत धरली. श्रुतीनं तिचा दंड धरला. ललितानं डोळे मिटून तोंड पाण्यात घातलं आणि मग उघडले.

पहिल्यांदा तिला आपलेच पाय दिसले. पांढरट, जोडव्यांसकट, अधांतरी लोंबणारे. त्यांच्या खाली बरीच मोकळी जागा, आणि मग खडक. खडकावर हिरवं-तपकिरी झुडपासारखं काहीतरी हलत होतं. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे दहा-बारा मासे आले, तिच्या पायांपर्यंत येऊन थांबले आणि सगळे एकदम वळले. तिनं दोन श्वास घेतले. तिसरा नाकानं घेतला आणि ठसका लागून वर आली.

"दिसलं?" श्रुतीनं विचारलं.

ललितानं मान डोलावली.

होडीत चढवताना तिला दोघांनी ओढून घ्यावं लागलं. ती फळीवर बसली. गणपतीनं टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला. "लले," तो म्हणाला, "अंगठ्याचं मला सांगायचं हुतंस की."

"तुम्ही सेकंड शिफ्टला असायचा."

"तरी."

दुपारी जेवताना सांगीन, असं तिनं ठरवलं. सगळ्या अकराच्या अकरा.

होडी परत निघाली. अनुजा श्रुतीजवळ सरकली आणि तिनं सरळ विचारलं, "फिट म्हणजे काय होतं गं?"

"अनुजा, हिकडं ये," हंबीरराव म्हणाले. ती हलली नाही.

ललिताचं तोंड उघडलं. तापाची गोष्ट तिच्या जिभेवर तयार होती, सात वर्षं घोटलेली. गणपतीही पुढं वाकला होता.

"काय न्हाय," श्रुती केस पिळत म्हणाली. "मी थोडा वेळ बंद पडते. मग परत चालू होते. मला काहीच कळत नाही, मम्मीला सगळं कळतं. आता तीन वर्षं झाली, न्हाय झालं."

"दुखतं?"

"न्हाय. नंतर झोप येते लई."

"आमच्या वर्गात एकाला साखरेचं इंजेक्शन असतं रोज," अनुजा म्हणाली, आणि दोघी कासव केवढं होतं त्यावर बोलायला लागल्या. श्रुती हातानं दाखवत होती, दर वेळी आणखी मोठं.

जेटीवर उतरताना हंबीररावांनी गणपतीशी हात मिळवला. "या कधी गारगोटीकडं," ते म्हणाले. आवाज मघासारखा दणदणीत नव्हता. ते हे मनापासून म्हणाले की उगीच, की आज संध्याकाळी बहिणीला फोन लावतील, हे ललितानं त्यांच्या तोंडाकडं बघून ओळखायचा प्रयत्न केला. तिला ओळखता आलं नाही. ओला ड्रेस पायांना चिकटत होता. पुढं दोघी पोरी जेटीच्या ओल्या दगडांवरून पळत सुटल्या होत्या, आणि ललिता घसरतील म्हणून मागून हाका मारत निघाली.